गोठलेल्या तळ्यावरच्या बुटाची कुळकथा

गोठलेल्या तळ्यात गिरमिटाने भोक पाडून गळ सोडणाऱ्या माणसाला तासन्‌तास एका जागी थांबावे लागते. चालणाऱ्याच्या पोटऱ्या सतत ऊब तयार करत असतात, बसलेल्याच्या पायात ती तयार होत नाही. उलट छातीपोटातली ऊब राखण्यासाठी शरीर बोटांकडे जाणारे रक्त आधी आखडते, आणि तळव्यात उरलेली ऊब बुटाच्या तळातून बर्फात उतरत जाते. त्यात तळ्यावरचा बर्फ नेहमी कोरडा असतोच असे नाही. वर पडलेल्या हिमाच्या भाराने तो थोडा खाली दबला, की भेगांतून आणि भोकांतून पाणी वर चढते आणि भुसभुशीत हिमाखाली त्याचा चिखल होतो. या बुटाला म्हणून दोन पाण्यांशी सामना करावा लागतो. एक बाहेरचे पाणी, दुसरे पायाचा घाम. थंड मुलखांतल्या बुटांची सारी वंशावळ या दोन पाण्यांभोवती फिरते.

या घराण्याचा फार जुना आणि हाती लागलेला पूर्वज १९९१ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात सापडला. ओट्झी या नावाने ओळखला जाणारा तो माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या बुटाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा आणि वरचा भाग हरणाच्या कातड्याचा होता. आत लिंडेन झाडाच्या सालीच्या वाखाची जाळी होती आणि त्या जाळीने धरून ठेवलेले वाळके गवत. पायाला ऊब द्यायची ती या गवताने, त्यात अडकलेल्या हवेमुळे. गवत भिजले की काढून टाकायचे आणि दुसरे भरायचे. बाहेरचे कवच वेगळे आणि आतली ऊब वेगळी, ही कल्पना इथे पूर्ण तयार दिसते.

युरोपच्या उत्तर टोकाला रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी तीच वाट पुढे नेली. रेनडिअरच्या पायाच्या कातड्याचे केस आखूड, दाट आणि घासाला टिकणारे असतात. त्या कातड्याचे बूट केस बाहेर ठेवून शिवत. आत मोजे नसत, वाळवलेला लव्हाळा असे. तो उन्हाळ्यात कापायचा, कुटून मऊ करायचा आणि वाळवून साठवायचा. रात्री बुटातून काढून पसरला की घामाचा ओलावा उडून जाई आणि सकाळी तोच लव्हाळा पुन्हा पायाभोवती गुंडाळता येई. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या स्कॉट आणि आमुंडसेन या दोघांच्याही तुकड्यांनी बुटात भरायला हे गवत सोबत घेतले होते.

आर्क्टिक अमेरिका आणि ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांचा कामिक हा बूट मात्र कारागिरीत साऱ्यांच्या वरचढ आहे. हे लोक बर्फातल्या भोकाशी बसून मासे आणि सील धरत आले, त्यामुळे त्यांच्या बुटाला निश्चल बसण्याची कसोटी पहिल्यापासूनच लागली. कोरड्या कडाक्यासाठी कॅरिबूचे कातडे, ओल्या दिवसांसाठी केस काढलेले सीलचे कातडे, आणि आत केसाळ कातड्याचा वेगळा मोजा. शिवणकाम बायकांचे. त्या उलू या अर्धगोल सुरीने कातडे बेतत आणि तळाचे राठ कातडे दातांनी चावून मऊ करत. खरे कौशल्य टाक्यात आहे. सुई एका कातड्यातून आरपार जाते, पण दुसऱ्याच्या अर्ध्या जाडीतूनच फिरते. मग उलट्या बाजूने दुसरी शिवण तशीच. त्यामुळे बाहेरून आतपर्यंत पोहोचणारे छिद्र कुठेच राहत नाही. शिवायला प्राण्याच्या स्नायूची तात असते, ती भिजली की फुगते आणि सुईची छिद्रे बुजवते. पाणी अडवणारा आणि तरीही कातड्यातून घामाची वाफ थोडीफार जाऊ देणारा असा बूट यंत्रयुगालाही सहज साधलेला नाही. आमुंडसेनने १९०३ ते १९०५ या काळात किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे काढले, तेव्हा तिथल्या नेट्सिलिक इनुइटांकडून कातड्याच्या पोशाखाचे हेच ज्ञान घेतले.

रशियाने वेगळा मार्ग धरला. मेंढीची लोकर न कातता, न विणता गरम पाण्यात भिजवून आणि मळून तिचा नमदा करतात. वालेन्की हा या नमद्याचा, एकही शिवण नसलेला, गुडघ्यापर्यंत पोहोचणारा बूट. आरंभी तो पायाच्या कितीतरी पट मोठा घडवतात आणि आटवत आटवत मापावर आणतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, म्हणून घामाचा प्रश्न वालेन्की उत्तम सोडवतो. बाहेरच्या पाण्यापुढे मात्र तो हतबल ठरतो. त्याची ही उणीव रबराच्या गलोशांनी भरून काढली. सेंट पीटर्सबर्गमध्ये रबराचा मोठा कारखाना १८६० मध्ये उभा राहिला आणि गलोश घराघरांत पोहोचले. वालेन्कीवर गलोश चढवून भोकाशी बसलेला मच्छीमार हे रशियन हिवाळ्याचे नेहमीचे दृश्य आहे.

रबर या कामाला लायक झाले ते चार्ल्स गुडइयरमुळे. त्याआधी ब्राझीलमधून येणारी कच्च्या रबराची पादत्राणे उन्हाळ्यात चिकट होत आणि थंडीत तडकत. रबर गंधकासोबत तापवले की ते दोन्ही ऋतूंत लवचीक राहते, हे गुडइयरला १८३९ मध्ये आढळले. पेटंट १८४४ चे. बाहेरच्या पाण्याचा बंदोबस्त असा पक्का झाला आणि तिथेच घाम आत कोंडला. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चादरची वाट चालणारे महाराष्ट्रातले गिर्यारोहकही लेहच्या बाजारातून गमबूट आणि लोकरी मोजे घेतात. बर्फावर चढलेल्या पाण्यातून जाताना गमबुटाला तोड नाही, पण मुक्कामाला मोजे बदलले नाहीत तर तोच पाय गारठवतो.

या पेचावर अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लिऑन लिऑनवुड बीन याने १९११ मध्ये तोडगा काढला. शिकारीत पाय भिजतात म्हणून त्याने रबरी तळ आणि चामडी वरचा भाग एकत्र शिवून घेतले. तळ पाणी अडवील, चामडे वाफ सोडील. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद शिवण उसवून परत आल्या. बीनने सर्वांचे पैसे परत केले आणि जोड सुधारला. कॅनडात ऑन्टारिओतल्या किचनर इथल्या कॉफमन कंपनीने १९६२ मध्ये सोरेल या नावाने जो बूट आणला त्यात याच जोडणीच्या आत नमद्याचे सुटे अस्तर होते. ओट्झीचे गवत, सामींचा लव्हाळा आणि हे अस्तर यांचे काम एकच आहे. दिवसभर घाम प्यायचा आणि रात्री बाहेर काढून वाळवायचा. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांवर या नमुन्याने जो जम बसवला तो अजून सुटलेला नाही.

दुसरी शाखा युद्धातून फुटली. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयाच्या लढाईत पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत घसरला. अमेरिकन सैनिकांच्या पायात रबरी तळाचे आणि चामडी वरच्या भागाचे बूट होते. कूच करताना पाय घामेजत आणि थांबले की तोच घाम गोठे. हजारो जणांना हिमदंश झाला. घसरगाडी ओढत तळ्याच्या मध्यावर जाऊन मग स्वस्थ बसणाऱ्या मच्छीमाराचीही हीच गत होते, म्हणून हा धडा त्यालाही तितकाच लागू आहे. पुढे सैन्याने जो बूट स्वीकारला त्यात लोकरीचा थर रबराच्या दोन आवरणांमध्ये कायमचा बंद केलेला होता. पाय घामाने ओला होतो, पण घाम लोकरीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे ऊब उतरत नाही. काळा प्रकार उणे २९ अंशांपर्यंतचा, पांढरा उणे ५४ अंशांपर्यंतचा. बाजूला हवेची छोटी झडप असते. विमानात हवेचा दाब उतरला की आतली हवा फुगून बूट फाटू नये म्हणून ती उघडायची. भारतात घरोघरी माहीत असलेल्या बाटा कंपनीनेही हे बूट बनवले. सैन्यातून बाहेर आलेल्या जोड्या अलास्कातल्या मच्छीमारांनी आवडीने वापरल्या. मात्र रबराला भोक पडून लोकर भिजली, की हा बूट वाळवणे जवळजवळ अशक्य.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातल्या थ्रीएम कंपनीने थिन्सुलेट हे अतिशय बारीक कृत्रिम तंतूंचे अस्तर आणले. तंतू बारीक असल्याने कमी जाडीत जास्त हवा अडकते. बुटावर छापलेले २००, ४००, ८०० हे आकडे एक चौरस मीटर अस्तराचे वजन ग्रॅममध्ये सांगतात. अलीकडे ईव्हीए या फेसाळ प्लास्टिकचे एकसंध बूट, आत सुटे अस्तर घालून, रशियात आणि युरोपात खूप चालतात. ते वजनाला फार हलके असतात आणि त्यांच्या भिंतींतच बंद हवेचे कप्पे असतात.

निवड करताना ही वंशावळ उपयोगी पडते. बुटावरचा उणे ४० चा आकडा उत्पादकाचा असतो. तो मोजण्याची पद्धत आणि गृहीत धरलेली हालचाल कंपनीगणिक बदलते. दिवसभर भोके बदलत हिंडणाऱ्याला ४०० ग्रॅमचा हलका बूट पुरतो आणि त्याला जड बुटाने घामच जास्त येतो. उघड्यावर बादली पालथी घालून बसणाऱ्याला मात्र ८०० ग्रॅमही अपुरे पडू शकतात. त्याच्यासाठी जाड नमद्याचे अस्तर किंवा सैनिकी बूट बरा. मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर शेगडी पेटवलेल्या खोपटात बसणाऱ्यांची गरज याहून बरीच कमी असते. सुट्या अस्तराचा बूट घेणे सर्वांत शहाणपणाचे, कारण दुसरे कोरडे अस्तर पिशवीत ठेवता येते.

तळ जाड हवा आणि त्यात धातू आरपार गेलेला नसावा. १९४१ च्या हिवाळ्यात रशियात जर्मन सैनिकांच्या बुटांच्या तळातले लोखंडी खिळे पायाची ऊब बाहेर नेत होते. माप जाड मोज्यासह घालून पाहावे आणि आत बोटे मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात दुसरा मोजा कोंबला तर अस्तरातली हवा दाबली जाते, रक्तही अडते आणि पाय उलट लवकर गारठतात. उंची पोटरीपर्यंत असावी. हिम नसलेल्या उघड्या बर्फासाठी घसरू न देणारे खिळ्यांचे पट्टे वेगळे मिळतात; ते बुटाला बाहेरून बांधायचे असतात. नमद्याचे अस्तर रोज रात्री काढून हवेशीर जागी वाळवावे, शेगडीला चिकटवून ठेवू नये, कारण आच लागली की नमदा आटतो आणि करपतो.