लाइट घराण्याचे पदक

जुन्या घराण्यांचे कुलवृत्तांत चाळताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. माणसांची नावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असतात. वस्तूंची मात्र क्वचितच. सनद कोणास मिळाली हे सापडते, पण तिच्याबरोबर आलेले कडे वा पदक पुढे कोणाच्या घरी गेले, याचा पत्ता लागत नाही. या दृष्टीने इंग्लंडमधील एका चिमुकल्या राजचित्राची हकीकत उद्बोधक आहे.

हे चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजा पहिला जेम्स याचे हे लघुचित्र निकोलस हिलिअर्ड या चित्रकाराचे मानले जाते. ते सुमारे साडेसहा सेंटिमीटर उंचीच्या सोन्याच्या पदकात बसविलेले असून पदकावर 29 हिरे आहेत. पुढच्या जाळीदार झाकणावर राजाच्या नावाची आद्याक्षरे गुंफली आहेत, तर मागील बाजूस पांढऱ्या व लाल रंगांचे नाजूक मीनाकाम आहे. हिलिअर्ड हा एक्झिटरच्या सोनाराचा मुलगा. चर्मपत्राच्या तुकड्यावर जलरंगांनी अंगठ्याएवढी मुद्रा रेखाटण्यात त्या काळी त्याचा हात धरणारा इंग्लंडात कोणी नव्हता. एलिझाबेथ राणीची चित्रे त्याने काढली होती आणि 1603 मध्ये गादीवर आलेल्या जेम्सनेही त्यालाच पदरी ठेवले. राजाचे चित्र जडावाच्या पदकात घालून मर्जीतल्या माणसास देणे ही त्या दरबाराची रीत होती.

हे पदक मिळाले ते सॉमरसेट परगण्यातील लाइट्स कॅरी या गावच्या टॉमस लाइट या जमीनदारास. त्याने कोणती लढाई मारली नव्हती की राजकारणही केले नव्हते. त्याने राजाची वंशावळ तयार केली होती. जेम्स हा मूळचा स्कॉटलंडचा राजा. दोन्ही राज्ये एका छत्राखाली आली, तरी इंग्लंडच्या पार्लमेंटला ती एक करणे रुचत नव्हते. तेव्हा ट्रॉयहून आलेल्या ब्रूटस नामक वीराने एके काळी साऱ्या ब्रिटनवर राज्य केले, या जुन्या दंतकथेचा राजपक्षास आधार वाटे. (ज्यूलियस सीझरचा मारेकरी ब्रूटस तो हा नव्हे.) लाइटने या ब्रूटसपासून जेम्सपर्यंतचा वंशवृक्ष चित्रांसह चर्मपत्रांवर रेखाटला आणि 1610 मध्ये राजास अर्पण केला. पदक हे त्याचेच पारितोषिक.

गंमत अशी की, ब्रूटसची कथा त्याच काळी विद्वानांना खरी वाटेनाशी झाली होती. विल्यम कॅम्डेनसारख्या इतिहासकाराने तिच्याविषयी आधीच संशय व्यक्त केला होता. वंशावळीचे मूळ काल्पनिक, पण तिच्यापायी मिळालेले इनाम मात्र अस्सल! वंशावळींवर विसंबून इतिहास लिहू पाहणाऱ्याने हे उदाहरण स्मरणात ठेवावे.

टॉमस लाइटने आणखी एक गोष्ट केली आणि तीच पुढे मोलाची ठरली. 1611 मध्ये गळ्यात ते पदक घालून त्याने स्वतःचे चित्र काढवून घेतले. ते आज सॉमरसेटमधील टॉन्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात पदकाखाली तीन पाकळ्यांचे लोंबते दिसते. आज त्या जागी एकच मोती आहे. मधल्या काळात पदकात काय बदलले, हे त्या चित्रावरूनच कळते. वंशवृक्षाची एक जुनी प्रतही ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहे.

पुढे घराण्याचे दिवस पालटले. अठराव्या शतकाच्या मध्यास लाइट्स कॅरीचा वाडा हातचा गेला. याच घराण्यातील हेन्री फ्रान्सिस लाइट याने रचलेले ‘अबाइड विथ मी’ हे भजन आपल्याकडेही परिचित आहे. गांधीजींना ते प्रिय होते, आणि दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात 2022 मध्ये वगळले जाईपर्यंत त्याची धून अनेक दशके वाजत असे. पदक मात्र घराण्याबाहेर पडून स्कॉटलंडच्या हॅमिल्टन ड्यूकांच्या संग्रहात गेले. त्यांच्यावरही कर्जाचा डोंगर होता. 1882 मध्ये हॅमिल्टन पॅलेसमधील वस्तूंचा लिलाव झाला. तो सतरा दिवस चालला आणि त्यातून जवळजवळ चार लाख पौंड उभे राहिले. खालच्या कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचू लागल्याने तो राजवाडाही 1920 च्या दशकात पाडण्यात आला.

लिलावात विकले गेलेले पदक बॅरन फर्डिनांड रॉथ्सचाइल्ड यांच्या वॉडस्डन येथील संग्रहात आले. 1898 मध्ये त्यांचे निधन झाले. सुमारे तीनशे वस्तूंचा हा संग्रह त्यांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिला, तो स्वतंत्र दालनात एकत्र ठेवावा या अटीवर. ती अट आजही पाळली जाते; 2015 मध्ये त्यासाठी नवे दालन उघडण्यात आले.

चार शतकांत या पदकाचे धनी अनेक झाले. हॅमिल्टनांकडे सरदारी होती, रॉथ्सचाइल्डांकडे अलोट संपत्ती. तरीही जग त्यास ओळखते ते ‘लाइट ज्वेल’ या नावाने. वस्तू राखणे लाइटांच्या वंशजांना साधले नाही. पण ती कोणी दिली, कोणास दिली व कशासाठी दिली, याचा पुरावा मूळ पुरुषाने मागे ठेवला होता. तेवढ्यावर घराण्याचे नाव वस्तूशी कायमचे जोडले गेले.

आपल्या घराण्यांनीही देशाबाहेर येऊन कित्येक पिढ्या लोटल्या. वाडे विकले गेले, वाटण्या झाल्या, पेट्यांतील दागिने मुलीसुनांबरोबर गावोगावी गेले. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. वस्तू हातोहात जाणारच. मात्र कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढताना शेवटी चार पाने वस्तूंसाठी राखावीत. कोणती वस्तू, कोणी, कोणत्या साली, कशाबद्दल दिली आणि आज ती कोणाकडे आहे, एवढे लिहावे आणि जमल्यास छायाचित्र जोडावे. ज्यांना हे तोंडी ठाऊक आहे, अशी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर हे काम झालेले बरे.