न्यायाधीश-प्रशिक्षण : आंतरराष्ट्रीय सहकार्य

न्यायाधीशांच्या सेवापूर्व व सेवांतर्गत शिक्षणासाठी विविध देशांची न्यायालये, न्यायिक अकादम्या आणि आंतरराष्ट्रीय संस्था परस्परांना करीत असलेले साहाय्य. प्रशिक्षकांची देवाणघेवाण, परदेशी न्यायालयांतील अल्पकालीन वास्तव्य, सामाईक पाठ्यक्रम, आचारतत्त्वांचे शिक्षण ही त्याची प्रमुख रूपे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने कलमांपेक्षा निकालपत्र-लेखन, साक्षीदारांशी वर्तन, दाव्यांचे व्यवस्थापन व मध्यस्थी यांवर भर असतो.

पूर्वपीठिका : इंग्लंडच्या परंपरेत न्यायाधीश अनुभवी वकिलांतून निवडले जात, त्यामुळे स्वतंत्र प्रशिक्षण अनावश्यक, काहींच्या मते स्वातंत्र्याला बाधकही, मानले जाई. तेथे न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी ज्यूडिशिअल स्टडीज बोर्ड १९७९ मध्ये आले. फ्रान्समध्ये विधिपदवीधर स्पर्धा परीक्षेतून थेट न्यायसेवेत येतात. त्यांच्यासाठी १९५८ मध्ये निर्माण केलेल्या केंद्राला १९७० मध्ये ‘एकोल नासिओनाल द ला माजिस्त्रात्यूर’ हे नाव मिळाले. बोर्दो येथील ही संस्था पुढे अनेक देशांना नमुना ठरली.

बंगळूर तत्त्वे : न्यायाधीशांच्या आचाराविषयीचा, या विषयातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज. २००१ मध्ये बंगळूर येथे मसुदा, नोव्हेंबर २००२ मध्ये हेग येथे अंतिम रूप; श्रीलंकेचे न्यायमूर्ती क्रिस्टोफर वीरमंत्री हे मसुदा करणाऱ्या न्यायाधीशांच्या गटाचे अध्यक्ष होते. मूळ गट इंग्लिश विधिपरंपरेतील देशांचा होता. हेगला युरोपीय संहिता-परंपरेतील न्यायाधीशही चर्चेत आले, म्हणून त्याला दोन्हीकडे मान्यता मिळाली. सहा मूल्यांपैकी शेवटचे मूल्य क्षमता व तत्परता हे आहे. न्यायाधीशाने आपले ज्ञान व कौशल्य वाढवत राहावे आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाची सोय न्यायसंस्थेच्या नियंत्रणाखाली असावी, असे त्यात म्हटले आहे. नियंत्रणाची ही अट कळीची आहे. पाठ्यक्रम कोण ठरवतो, प्रशिक्षक कोण नेमतो आणि खर्च कोण करतो, या तीन प्रश्नांवर कोणताही सहकार्य करार तपासता येतो. बहुतेक करार तिसऱ्यावर अडखळतात. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००६ मध्ये या तत्त्वांची दखल घेतली. एप्रिल २०१८ मध्ये व्हिएन्ना येथे सुरू झालेल्या जागतिक न्यायिक सचोटी जाळ्याची प्रशिक्षण-साधने त्यांवरच उभी आहेत.

संस्था : न्यायिक प्रशिक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना २००२ मध्ये जेरुसलेम येथे स्थापन झाली. नोव्हेंबर २०१७ च्या मनिला परिषदेत तिने दहा तत्त्वे स्वीकारली. नेमणुकीच्या आधी वा नेमणूक होताच, आणि पुढे सेवाकाळभर प्रशिक्षण, हे त्यांतील एक. राष्ट्रकुल देशांसाठी कॅनडात हॅलिफॅक्स येथे संस्था आहे. युरोपीय न्यायिक प्रशिक्षण जाळे (२०००) नवोदित न्यायाधीशांना परस्परांच्या देशांत पाठवते. २०२० पर्यंत निम्म्या विधिव्यावसायिकांना, म्हणजे सुमारे सात लाख जणांना, युरोपीय कायद्याचे प्रशिक्षण देण्याचे युरोपीय आयोगाचे २०११ चे उद्दिष्ट २०१७ मध्येच पुरे झाले. ही मोजणी उपस्थितीची आहे. निकालांचा दर्जा तिच्यातून कळत नाही.

कंबोडिया : ख्मेर रूज राजवटीनंतर (१९७५–७९) देशात मोजकेच विधिज्ञ उरले. २००२ च्या सुमारास न्यायाधीश व सरकारी अभियोक्त्यांसाठी शाही विद्यालय निघाले, त्याला फ्रान्स व जपानचे साहाय्य लाभले. जपानच्या मदतीने दिवाणी प्रक्रिया संहिता (२००६) व दिवाणी संहिता (२००७) तयार झाल्या, फौजदारी संहितांना फ्रान्सची मदत झाली. त्यामुळे एकाच वर्गातील विद्यार्थ्याला दिवाणी कायदा एका परंपरेतून, फौजदारी दुसरीतून शिकावा लागतो. देणाऱ्या देशाचा कायदा घेणाऱ्या देशात रुजतो की नुसता छापला जातो, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

भारत : अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रशिक्षणसंस्था उभारण्याचे निर्देश दिले. राष्ट्रीय न्यायिक अकादमी १९९३ मध्ये नोंदली गेली. भोपाळच्या भदभदा रस्त्यावरील तिच्या संकुलाचे उद्घाटन २००२ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी केले. अकादमीचे अध्यक्षपद सरन्यायाधीशांकडे असल्याने न्यायसंस्थेच्या नियंत्रणाची बंगळूर तत्त्वांतील अट येथे बरीचशी पाळली जाते. मध्यस्थीचे शास्त्र मात्र बाहेरून आले : दावे मध्यस्थी आदी मार्गांकडे सोपवण्याविषयीचे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ (२००२ पासून लागू) अमलात आणण्यासाठी २००५ मध्ये दिल्लीतील न्यायाधीशांना अमेरिकी संस्थेकडून शिकवले गेले. महाराष्ट्रात भाईंदरजवळ उत्तन येथील न्यायिक अकादमीत मध्यस्थी प्रशिक्षणाची सोय आहे.

शेजारी देशांशी सहकार्यात बांगलादेशाचे उदाहरण ठळक. मसदर हुसेन खटल्याच्या निकालाला (१९९९) अनुसरून तेथील कनिष्ठ न्यायालये १ नोव्हेंबर २००७ रोजी कार्यकारी सत्तेपासून वेगळी झाली. साहजिकच प्रशिक्षित न्यायाधीशांची निकड वाढली. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रीय न्यायिक अकादमी व बांगलादेशाचे सर्वोच्च न्यायालय यांच्यात करार होऊन १,५०० न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे ठरले. खर्च भारत सरकारचा होता. सहायक न्यायाधीशापासून जिल्हा न्यायाधीशापर्यंतचे अधिकारी तुकड्यांनी भोपाळला येत. ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतरानंतर, जानेवारी २०२५ मध्ये, पन्नास न्यायाधीशांना दिलेली परवानगी ढाक्याच्या विधी मंत्रालयाने, सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेचा हवाला देत, मागे घेतली. करार दोन न्यायसंस्थांचा असला तरी त्याचे आयुष्य दोन सरकारांच्या संबंधांवर अवलंबून राहिले.

आफ्रिका : सामाईक व्यापारी कायदा स्वीकारलेल्या सतरा देशांच्या न्यायाधीशांसाठी बेनिनमध्ये पोर्तो-नोव्हो येथे प्रशिक्षण केंद्र आहे.

लॅटिन अमेरिका : स्पॅनिश व पोर्तुगीज भाषक देशांच्या न्यायिक विद्यालयांचे स्वतंत्र जाळे आहे.