रेषांनी उभारलेला वाडा

संगणकावरील खेळांचा इतिहास आपण बहुधा यंत्राच्या वाढत्या ताकदीचा इतिहास म्हणून मांडतो. स्मृती वाढली, रंग वाढले, म्हणून खेळ सुधारले, असा तो सरळ हिशेब. १९८० सालच्या ‘मिस्टरी हाउस’ या अमेरिकी खेळापाशी मात्र हा हिशेब जमत नाही, असे माझे मत आहे.

त्याआधीचे साहसखेळ निव्वळ शब्दांचे होते. विल क्राउदर यांनी रचलेला आणि डॉन वुड्स यांनी १९७७मध्ये वाढवलेला गुहेचा खेळ त्यांतला आद्य. वर्णन वाचायचे, एक-दोन शब्दांचा हुकूम टंकायचा आणि पुढे जायचे. कॅलिफोर्नियातील रॉबर्टा विल्यम्स यांना या खेळाने झपाटले. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘अँड देन देअर वर नन’ या कादंबरीवरून सुचलेली कथा त्यांनी कागदावर रचली : एक जुना वाडा, दडवलेले जडजवाहीर आणि एकामागून एक पडणारे खून. प्रोग्राम लिहिला त्यांचे पती केन यांनी.

या कथेला चित्रांची जोड द्यायची, तर प्रश्न जागेचा होता. ‘ॲपल टू’च्या पडद्यावर २८० × १९२ ठिपके, असे एक चित्र जसेच्या तसे साठवायला ८ किलोबाइट लागत. खेळात चित्रे सुमारे ७०, म्हणजे ५६० किलोबाइट. फ्लॉपीवर मावत फार तर १४०. म्हणून त्यांनी चित्र साठवलेच नाही. ते काढण्याची कृती साठवली. कागदावरची रेखाटने ‘व्हर्सारायटर’ या उपकरणाने गिरवून रेषांच्या टोकांचे तेवढे आकडे यंत्राला दिले. खोलीत शिरताच यंत्र ते चित्र नव्याने काढी. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको : ठिपके किती आणि कोणता कशाला जोडायचा, एवढे ठाऊक असले की पुरते.

आज खेळून पाहिले की ही चित्रे बेताचीच वाटतात. माणसे तर काड्यांची. पण शब्दांच्या खेळात लेखक सांगेल तेवढेच दिसे. इथे वस्तू आधी डोळ्यांना दिसते आणि तिला नाव खेळणाऱ्याने द्यायचे असते. वाचक इथे पाहणारा झाला, हा बदल मला रेखाटनांच्या गुणवत्तेहून मोलाचा वाटतो.

मे १९८०मध्ये विल्यम्स दांपत्याच्या ‘ऑन-लाइन सिस्टिम्स’ने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून २४.९५ डॉलरला विकायला काढला. दहा हजारांवर प्रती खपल्या. हीच कंपनी पुढे ‘सिएरा’ झाली आणि १९८४मध्ये रॉबर्टा यांचा ‘किंग्ज क्वेस्ट’ आला.

१९८७मध्ये कंपनीने ‘मिस्टरी हाउस’ सर्वांसाठी खुला केला. त्याची फ्लॉपी आज कोणीही उलगडून पाहावी. आत वाड्याचे एकही चित्र सापडत नाही. सापडतात ते नुसते आकडे.