एवढासा होता म्हणे

मागच्या उन्हाळ्यात सेलूला गेलो तेव्हा अल्ट्राव्हायोलेट बॅटरी सोबत नेली. विंचू बघायला! (काकू म्हणालीच, "दुसरं काही सुचलं नाही का रे?") या उजेडात विंचवाचं कवच निळं-हिरवं चमकतं, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही.

अंधार पडल्यावर बांधावरच्या दगडांत उजेड टाकला आणि... दिसला! तांबूस, बोटभर. नांग्या बारीक, शेपूट जाड. आम्ही चार हात लांब उभे राहिलो. तो ढिम्म.

आमच्या घरी दहशत होती ती इंगळीची. काळी, मोठी, खेकड्यासारख्या नांग्यांची. तांबडा निघाला तर चप्पल मारली की विषय संपला. खरं तर उलटं हवं होतं. इंगळी भक्ष्य नांग्यांनीच चिरडते. तांबड्याची सगळी मदार विषावर. फाब्रिसियसने १७९८ मध्येच त्याची शास्त्रात नोंद केली होती. पण त्याच्या डंखावर नेमका उपाय सापडायला पुढे जवळजवळ दोन शतकं गेली.

तो सापडला कोकणात, आणि शोधणारा माणूस निघाला आमच्या मराठवाड्यातला. डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळ जालन्याकडच्या देहेड गावचे. १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात असताना त्यांनी विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जाताना पाहिली. ते रुग्णाच्या उशाशी बसून टिपणं काढू लागले. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसांत पाणी. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली. उशीरच म्हणायचा. असो.

आजीचा धाकटा भाऊ लहानपणी विंचू चावून गेला. सेलू तेव्हा निजामाच्या राज्यात. मांत्रिक आणला, कांदा चोळला. पोराला घाम फुटला, हातपाय गार पडले, पहाटे धाप लागली. घरात सगळे सांगायचे, इंगळी चावली.

त्या रात्री परत आल्यावर काकूला विचारलं, इंगळीच होती का नक्की?

काकू भाकरी थापता थापता थांबली. "सासूबाई तर म्हणायच्या, एवढासा होता. तांबडा."