ट्रेलरचे खोटे, ट्रेलरचे खरे

रहस्यपटाची जाहिरात हा मुळातच अडचणीचा व्यवहार आहे. मिठाईवाला चव पाहायला तुकडा हातावर ठेवतो आणि गिऱ्हाईक पाव किलो घेऊन जाते. रहस्यपट विकणाऱ्याकडे विकायला असते ते रहस्यच. ते चाखायला दिले की माल संपला. थरारपटांच्या ट्रेलरमधल्या ठरीव खुणा आपण सगळेच ओळखतो: मध्येच काळा होणारा पडदा, किंकाळीपूर्वीची शांतता, शेवटच्या अर्ध्या मिनिटात भराभर बदलणारी दृश्ये, शीर्षक येऊन गेल्यावर बसणारा एक धक्का. या खुणा निव्वळ सवयीने रूढ झालेल्या नाहीत. दाखवायचे तर आहे, पण सांगायचे नाही, या पेचातून त्या घडत गेल्या, असे मला जुने ट्रेलर कालक्रमाने पाहताना वाटत आले आहे.

ट्रेलर म्हणजे मागे जोडलेले. अमेरिकेत सुरुवातीला या जाहिराती मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत, म्हणून हे नाव. पुढे त्या चित्रपटाआधी आल्या, नाव मात्र तेच राहिले. १९२०च्या सुमारास सुरू झालेली नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी पुढची कित्येक दशके तिथल्या स्टुडिओंसाठी ट्रेलर बनवीत आणि पुरवीत होती. त्या काळातला साचा ठरलेला असे: पडद्यावर आदळणारी ठळक अक्षरे, नटनट्यांची नावे, निवेदकाचा भारदस्त आवाज आणि विशेषणांची खैरात.

हा साचा आल्फ्रेड हिचकॉकने १९६० साली ‘सायको’साठी बाजूला ठेवला. हा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे आणि तो स्वतंत्रपणे चित्रित केलेला आहे. हिचकॉक स्वतः एखाद्या वाटाड्यासारखा आपल्याला ते मोटेल आणि त्यामागचे घर हिंडवून दाखवतो. खून जिन्यावर कुठे झाला, हे तो सांगतो. मुलावर हुकूमत गाजवणाऱ्या विक्षिप्त आईविषयी बोलतो. वाक्य अर्ध्यावर सोडतो, जणू पुढचे बोलवत नाही. शेवटी न्हाणीघरात येऊन तो पडदा सर्रकन ओढतो आणि एक स्त्री किंचाळते.

ही स्त्री जॅनेट ली नाही. चित्रपटात न्हाणीघरातल्या त्या दृश्यात ली आहे. ट्रेलरमध्ये तिच्या जागी केसांचा टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. म्हणजे हा क्षण चित्रपटात नाहीच. आईबद्दल जे सांगितले, तेही चित्रपट पाहिलेल्यांना ठाऊक आहे की, दिशाभूल करणारे आहे. हिचकॉकने जागा खऱ्या सांगितल्या आणि माणसांबद्दल चकवले. इकडे खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, अशी ताकीद चित्रपटगृहांना होती. रहस्य दारावरही राखले जात होते.

यानंतरच्या दोन पायऱ्या मला महत्त्वाच्या वाटतात. १९७५ साली ‘जॉज’च्या ट्रेलरमध्ये कॅमेरा पाण्याखालून, शार्कच्याच नजरेने पुढे सरकतो, ज्याची भीती घालायची त्याचे रूप झाकून ठेवायचा हा सरळ मार्ग. या चित्रपटाच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींवर सुमारे ७ लाख डॉलर खर्च झाले. त्या जाहिराती ३० सेकंदांच्या होत्या. इतक्या थोड्या वेळात कथा सांगता येत नाही, फक्त दचकवता येते. १९७९च्या ‘एलियन’च्या ट्रेलरने निवेदक तर काढलाच, संवादही जवळजवळ काढून टाकले. भोंग्यासारखा कर्कश आवाज आणि वेग वाढवत जाणारी दृश्ये एवढ्यावर तो उभा आहे. २०१०च्या ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरमधला छातीत घुमणारा तो प्रचंड घोष आणि पुढच्या दशकभर झालेली त्याची नक्कल, ही याच वाटेवरची पुढची मजल. आवाजाचा मोठा फायदा असा की त्याने कथानक फुटत नाही.

उलटी वाटही आहेच. २००० सालच्या ‘व्हॉट लाइज बिनीथ’च्या ट्रेलरने नवऱ्याचे त्या मृत मुलीशी असलेले संबंध उघड करून टाकले. टीका झाली तेव्हा दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांचे म्हणणे असे होते की, काय पाहायला मिळणार हे आधी कळलेले प्रेक्षकांना हवेच असते. बाजाराच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. पण इथे ट्रेलर शब्दशः खरा आहे, आणि नुकसान प्रेक्षकाचे झाले आहे.

आता आपल्याकडचा एक निवाडा पाहू. २०१६च्या ‘फॅन’ या थरारपटाच्या जाहिरातीत एक गाणे होते. चित्रपटात ते नव्हते. औरंगाबादच्या एका प्रेक्षक महिलेने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. राज्य आयोगाने तिला १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ट्रेलर हा करारातला प्रस्ताव नव्हे, त्यामुळे त्यातून बांधील वचन निर्माण होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे; गाण्यासाठी तिकीट काढले आणि गाणे नाही, ही फसगतच. तरीही निर्णय उलटा लागता तर काय झाले असते याचा विचार करावा. ट्रेलरमधला प्रत्येक क्षण चित्रपटात असलाच पाहिजे, असा दंडक असता तर ‘सायको’चा ट्रेलर पहिला आरोपी ठरला असता, आणि सारा शेवट फोडणारा ट्रेलर निर्दोष सुटला असता.

म्हणून फरक करायचा तो खोटे कशासाठी बोलले यावर. चित्रपटात जे नाहीच ते विकण्यासाठी बोललेले खोटे प्रेक्षकाच्या खिशातून काढून घेते. चित्रपटात जे आहे ते झाकण्यासाठी बोललेले खोटे त्याच्यासाठी काही तरी राखून ठेवते. कायद्याला हे दोन्ही एका मापाने मोजावे लागतात. प्रेक्षकाला मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्यातला फरक नेमका कळतो, आणि पुढच्या वेळी त्या दिग्दर्शकाचे तिकीट काढायचे की नाही, हे तो त्यावरूनच ठरवतो.