दोन वर्षांचा वायदा

आबा बीएनआरचे गार्ड. सरकारनं त्या रेल्वेचं नाव पुढे दोनदा बदललं, पण मोतीबागेतल्या आमच्या क्वार्टरमध्ये ती शेवटपर्यंत बीएनआरच राहिली. आबांना कुठलीही गोष्ट सांगायला स्टेशनं लागत. कोणाचं लग्न ठरलं, कोण प्रभूकडे गेलं, सगळा हिशेब कामठी, भंडारा रोड, तुमसर, तिरोडा असा. त्यामुळे नारायण वामन टिळकांची गोष्टही आमच्या घरात स्टेशनांनिशीच आली.

"नागपुराहून गाडी सुटली," आबा सुरू करत. "डब्यात गर्दी. टिळक उभे. आत एक गोरा साहेब बसून होता. त्या काळचा गोरा म्हणजे आपल्या मानसाले पाहून पाय लांब करनारा. अन् ह्यानं काय केलं? सरकला. कामठी यायच्या आधी सरकला. कन्हानच्या पुलावर संस्कृत कवितेचा विषय निघाला. तिरोड्यापर्यंत टिळकच बोलून राहिले अन् साहेब ऐकून राहिला. गोंदियाले दोघांनी चहा घेतला. अन् दरेकसाच्या बोगद्यात अंधार झाला, तवा साहेबानं पिशवीत हात घातला."

बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाला उजेड पडे तेव्हा टिळकांच्या हातात नवा करार असे. आबा इथं हमखास थांबत आणि पानाचा डबा ओढत.

पुढे मी ही हकिकत पुस्तकांतून वाचली. त्यात बोगदा नाही, गोंदियाचा चहाही नाही. 1893 च्या सुमारास त्या फलाटावर चहा मिळत होता की नाही, हे आबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाकी गोष्ट मात्र खरी. टिळक तेव्हा नागपुरात होते. आप्पासाहेब बुटींनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी ठेवून घेतलं होतं. तिथून राजनांदगावच्या संस्थानात नोकरीसाठी जाताना गाडीत एक गोरा गृहस्थ भेटला, त्यानं आपुलकीनं वागवलं, संस्कृत काव्यावर बोलणं काढलं, मग धर्माचा विषय निघाला. उतरताना त्यानं नवा करार दिला आणि सांगितलं की हे नीट वाचत राहिलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भविष्य विचित्रच वाटलं. त्यांनी त्या माणसाचं नावही विचारलं नाही. ते फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड होते, हे नंतर पुढे आलं.

टिळकांनी पुस्तक उघडलं ते निव्वळ साहेबाच्या भलेपणाखातर, दिलेला शब्द पाळायचा म्हणून. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून हलता येईना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वायदा मुदतीतच फिटला म्हणायचा.

"पाहा," आबा म्हणत, "दोन वर्षं!"

आणि स्वयंपाकघरातून आजीचा आवाज येई, "आणि लक्ष्मीबाई कुठं होत्या तेव्हा?"

आजी नगरची. अमेरिकन मिशनच्या वस्तीत वाढलेली. तिच्या आईनं लक्ष्मीबाई टिळकांना नगरात डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आमच्या घरात त्या पाहण्याला जवळजवळ बाप्तिस्म्याच्या दाखल्याइतकी किंमत होती. आबांची गोष्ट जिथं संपे तिथं आजीची सुरू होई. नवऱ्याचा बाप्तिस्मा झाल्याची बातमी बाईला माहेरच्या माणसांत असताना कळली. पदरात लहानगा दत्तू. दुःखानं वेड लागायची पाळी. पाच वर्षं संसार दुभंगलेला. नवरा पत्रं लिहितोय, कविता पाठवतोय, आणि ही पंढरपुरात. मग नगरला आली तरी सोवळं सुटलं नव्हतं. नवऱ्याच्या उपदेशानं सुटलंही नाही. तिच्या मनात आपल्याआपणच प्रश्न उभा राहिला की जाती देवानं केल्या की माणसानं, आणि उत्तर सापडल्यावर तिनं मागे पाहिलं नाही. 1900 मध्ये तिचाही बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना हे सगळं ठाऊक आहे. त्यांना हेही ठाऊक आहे की ती बाई हे रडत रडत सांगत नाही, हसवत सांगते.

"साहेबानं सीट दिली, पुस्तक दिलं आणि राजनांदगावला उतरून गेला," आजी हात पुसत बाहेर येई. "भरलं कोणी? लक्ष्मीबाईंनी."

"म्हणून काय साहेबानं देऊ नाही पुस्तक?"

"द्यावं. पण घरी कोण आहे, हे विचारावं."

लहानपणी मला हा भांडणाचा खेळ वाटे. आज आमच्या मंडळीत पाळकसाहेब वेदीवरून साक्ष देण्याविषयी बोलू लागले की मला हे दोघं आठवतात, एक पानाच्या डब्याशी आणि एक ओल्या हातांची, आणि दोघांपैकी एकाचंच ऐकून काम भागत नाही असं वाटत राहतं.

नागपुरात ही सुवार्ता आणली स्कॉटिश लोकांनी. स्टीफन हिस्लॉप 1845 च्या फेब्रुवारीत इथं आले तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. पुढच्या वर्षी शाळा सुरू झाली. तिच्यातूनच 1883 मध्ये हिस्लॉप कॉलेज झालं. अठरा वर्षं हा माणूस इथं राबला. बाप्तिस्मे फार थोडे झाले. मिशनचा हिशेब ठेवणाऱ्याला हे अपयशच वाटलं असणार. पण याच माणसानं कामठी-टाकळीच्या खडकांतून जीवाश्म वेचले, रॉबर्ट हंटरबरोबर नागपूरच्या भूगर्भावर शोधनिबंध लिहिले, गोंडांमध्ये बसून त्यांचे शब्द आणि लिंगोची कथा उतरवून घेतली. हिस्लॉपाइट नावाचं खनिज त्यांच्याच नावाचं. ज्यांना काही सांगायला आला, त्यांचंच ऐकून लिहीत बसला. कन्हानच्या पुलावरच्या साहेबाचा हा थोरला भाऊ शोभावा.

हिस्लॉपचं मरण आबा वेगळ्याच आवाजात सांगत. 4 सप्टेंबर 1863. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते बोरीच्या मुक्कामी होते, म्हणजे आताच्या बुटीबोरीला. टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले. परतताना टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे राहिले. रात्र झाली, नाल्याला पाणी चढलेलं. छावणीत घोडा आला, वर स्वार नव्हता.

"शाळेसाठी थांबला म्हनून गेला," आबा म्हणत. "देवळासाठी नाही, शाळेसाठी." देऊळ म्हणजे आमच्याकडे चर्च.

आता जे सांगायचं ते आमच्या घरचं आहे, आणि ते टाळून पुढं गेलो तर वरचं सगळं सजावट ठरेल. आबांचे वडील दुष्काळात ख्रिस्ती झाले. 1897 चा दुष्काळ. आईबाप वाटेतच गेले, बारा-तेरा वर्षांचं पोरगं मिशनच्या अनाथालयाच्या दारात पोचलं. तिथं त्याला पेज मिळाली. पहिल्या दिवशी त्यानं ती इतकी घाईनं प्यायली की जीभ पोळली, आणि म्हातारपणीही गरम पेजेचं वाडगं पुढं आलं की ते आधी बोट बुडवून पाहत. आबांनी ते बोट पाहिलं होतं. मी आबांचं पाहिलंय, तेही तसंच करत, कारण नसताना.

"पोटासाठी बाटले," हे वाक्य आम्ही शाळेत ऐकलं, नळावर ऐकलं. मी एकदा रडत घरी आलो. आबांनी अंगावर घेतलं नाही. म्हणाले, "खरं आहे. पोटासाठीच. भुकेल्या पोराले दुसरं काय पाह्यजे? पन भाकर देनारा कोन, हे त्यानं मोठं झाल्यावर शोधलं, ते कोनी नाही सांगत."

1954 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. राजधानी नागपूर, अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. 1956 मध्ये अहवाल आला. आमिषं, पैसा, परदेशी हात असे आरोप होते. मंडळीत खळबळ उडाली. घरी मात्र आजीचं म्हणणं असं की त्यातलं काही खोटं असेल, सगळं खोटं असेल असं नाही; शाळेची फी आणि दवाखान्याची गोळी हातावर ठेवताना कोणाच्या मनात काय होतं, हे ज्याचं त्यानं तपासावं. मंडळीत तिचं हे बोलणं कोणाला आवडलं नाही.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंदोऱ्याहून, आमच्या क्वार्टरच्या अलीकडून-पलीकडून, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया आणि पांढऱ्या कपड्यांतले बाप्ये चालत निघाले. आबा त्या आठवड्यात घरी जेवायला आले नाहीत. गाड्याच तशा भरून येत होत्या. 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षा घेणाऱ्यांत नियोगीही होते. हे कळल्यावर आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मानसाले शोधल्याबिगर राहवत नाही. जज असो का गार्ड." आजीनं दारात माठ भरून ठेवला होता. येणारे-जाणारे पाणी पीत. तिनं त्या दोन दिवसांत एकालाही येशूचं नाव सांगितलं नाही. "ते आपलं ऐकायला निघाले नव्हते," एवढंच कारण तिनं दिलं. मंडळीतल्या काहींना वाटलं की संधी घालवली. मला ती आजीची सगळ्यात मोठी साक्ष वाटते. वाद घालायचा असेल त्यानं घालावा.

घटनेच्या 25 व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याची मर्यादा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतील, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात नाही. त्या निकालानंतर आमच्या मंडळीतले बरेच जण गप्प झाले. भीती खरी होती, आजही आहे. पण मला वाटतं, पुष्कळांना गप्प बसायला निमित्त मिळालं. वीस-वीस वर्षांचे शेजारी. नाताळच्या करंज्या घेणार, दिवाळीचा चिवडा देणार, आणि तुम्ही रविवारी नेमकं करता काय, हे त्यांनी विचारलं तर आम्ही "प्रार्थना असते" म्हणून विषय संपवणार.

मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हतो. 1979 ला वीस वर्षांचा होतो. तरुण संघातर्फे बर्डीवर, व्हरायटी चौकात पत्रिका वाटायला उभा राहिलो. लोक घेत, चार पावलांवर टाकत. एक धोतरातले गृहस्थ मात्र थांबले. चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं आणि तिथंच उभ्यानं पत्रिका तपासली. मग परत दिली.

"तुम्ही जतन झाला आहात काय," त्यांनी वाचून दाखवलं. "अरे, जतन लोणचं करतात. माणूस तरतो. इंग्रजीतून उचललंय हे. तू स्वतः वाचलंस का वाटण्यापूर्वी?"

वाचलं नव्हतं.

"तुमच्यातच टिळक होऊन गेले ना? फुलामुलांचे कवी. तीस वर्षं शिकवलेत मी शाळेत. त्यांच्या मंडळींनी असं मराठी लिहावं?" ते निवृत्त संस्कृत शिक्षक होते, महालात राहत. जाताना म्हणाले, "तुमचा नवा करार मराठीत बरा असेल तर आणून दे. पाहतो."

मी घरी येऊन सांगितलं तर आबा उठून बसले. जणू दरेकसाचा बोगदा आला. आम्हाला कळलंच नव्हतं की टिळकांनी आयुष्यभर हेच सांगितलं; त्यांनी भजनं रचली, कीर्तनं केली, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हटलं. शेवटी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. आणि आम्ही लोणच्याची भाषा वाटत फिरत होतो.

मी सरांना पुस्तक नेऊन दिलं. मग दर शनिवारी जाऊ लागलो. ते कालिदासावर बोलत, मी ऐके. धर्माचा विषय त्यांनी काढला तरच निघे. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. मत्तयाच्या पहिल्या पानापासून समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, कुठं विभक्ती, कुठं शब्द. पाचव्या अध्यायात खुणा विरळ झालेल्या. सहाव्यात एकच. सातव्यात नुसती उभी रेघ, वरपासून खालपर्यंत. पुढची पानं कोरी.

"पुढचं सावकाश," सर म्हणाले आणि पुस्तक परत आपल्याकडे ओढून घेतलं.

संध्याकाळी आबांना हे शब्दशः सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "मग? दोन वर्षांचा वायदा केला का नाही?"

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना आधी विचार, ते बायकोला सांगून वाचतायत का."