लोखंडी अंगठी आणि गॅलिलिओ : अभियंत्याच्या सामाजिक जबाबदारीचे दोन वाङ्मयीन पाठ

विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सामाजिक जबाबदारी कशी शिकवावी, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राचा किंवा नीतिशास्त्राचा मानला जातो. परंतु विसाव्या शतकाचा इतिहास पाहता या शिक्षणाची भाषा घडविण्याचे काम वेळोवेळी साहित्यिकांकडे आलेले दिसते. कॅनडातील अभियंत्यांच्या व्रतग्रहणविधीची संहिता रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिली. वैज्ञानिकाच्या जबाबदारीचा पेच बर्टोल्ट ब्रेख्त यांनी रंगभूमीवर मांडला. एकाचे साधन शपथ, दुसऱ्याचे नाटक. जबाबदारी म्हणजे काय आणि ती कोणाप्रत असते, याविषयी या दोन पाठांनी दिलेली उत्तरे परस्परांहून फार भिन्न आहेत. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे वळावे, याचे कारण हेच.

किपलिंग यांच्या संहितेमागे क्वेबेक पुलाची स्मृती उभी आहे, असे मानले जाते. सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला हा कॅन्टिलिव्हर पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी सायंकाळी कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील ३३ जण मोहॉक जमातीचे होते. पुढे १९१६ साली, नव्या आराखड्यानुसार उभारणी चालू असता, मधला गाळा वर उचलताना नदीत पडला आणि आणखी १३ जणांचा बळी गेला. पूल पूर्ण झाला तो १९१७ मध्ये. अभियंत्यांच्या अंगठीचे लोखंड याच पडलेल्या पुलाचे, अशी आख्यायिका कॅनडात रूढ आहे. ती खरी नाही. परंतु तिचे टिकून राहणेच हे दाखविते, की समाजाने त्या अंगठीचा अर्थ अपराधाच्या स्मृतीशी जोडला आहे.

टोरांटो विद्यापीठातील खाणकाम अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्बर्ट हॉल्टन यांनी १९२२ साली माँट्रिऑल येथे अभियंत्यांच्या सभेत एका व्रतविधीची कल्पना मांडली आणि तिच्या संहितेसाठी किपलिंग यांना पत्र लिहिले. ही निवड आकस्मिक नव्हती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या या लेखकाने हिंदुस्थानातील सरकारी अभियंत्यांना कथेचे नायकत्व दिले होते. १८९३ च्या ‘द ब्रिज-बिल्डर्स’ या कथेत गंगेवर पूल बांधणारा फिंडलेसन पुराच्या रात्री आपली सारी प्रतिष्ठा त्या पुलाच्या टिकण्यावर लावून बसतो. क्वेबेकची दुर्घटना घडली त्याच १९०७ या वर्षी किपलिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ‘द सन्स ऑफ मार्था’ ही कविताही त्याच वर्षीची.

या कवितेला लूकच्या शुभवर्तमानातील दोन बहिणींच्या कथेचा आधार आहे. मरिया येशूच्या चरणांशी बसून वचने ऐकते. मार्था घरकामाने त्रस्त होते. किपलिंग यांच्या कल्पनेत मार्थेचे पुत्र म्हणजे रूळ, पूल व यंत्रे सांभाळणारे लोक. मरियेच्या पुत्रांचा भार त्यांनी निमूटपणे वाहावयाचा. मराठी वाचकाला येथे कर्म आणि भक्ती यांच्या जुन्या वादाची आठवण होईल. परंतु आपल्याकडील संतपरंपरेत दळणकांडण करणारीच अभंग रचते, तिच्या कामालाच वाणी फुटते. किपलिंग यांचा कर्मयोगी मात्र मुका आहे. हा भार आपल्यावर कोणी टाकला आणि त्याचा लाभ कोणाला, हे तो विचारीत नाही.

व्रताचा पहिला विधी २५ एप्रिल १९२५ रोजी माँट्रिऑल येथे झाला. पदवीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी, निकृष्ट काम व सदोष साहित्य आपण खपवून घेणार नाही अशा आशयाचे वचन देतो आणि काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत अंगठी घालतो. दीर्घकाळ हा विधी बंद दाराआड, केवळ अभियंत्यांच्या साक्षीने होत आला. ज्या लोकांच्या सुरक्षिततेसाठी व्रत घ्यावयाचे ते लोक मात्र त्याला साक्षी नसत. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत या धर्तीवर अभियंत्यांचा जो व्रतसंघ निघाला, त्याने आपले वचन उघड ठेवले, हा फरक लक्षणीय आहे.

या विधीचे शैक्षणिक मूल्य नाकारता येत नाही. करंगळीतील अंगठी रेखाटन करताना कागदाला लागते. स्मरणाची अशी युक्ती पाठ्यपुस्तकाला साधत नाही. प्रश्न वेगळा आहे. ही शपथ १९०७ मध्ये असती, तर पूल वाचला असता काय?

शाही चौकशी आयोगाच्या १९०८ च्या अहवालावरून याचे उत्तर होकारार्थी देता येत नाही. पुलाचा मुख्य गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केला गेला, परंतु गणितात धरलेला पुलाचा स्वभार त्या मानाने फारच कमी राहिला. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर हे आपल्या क्षेत्रातील मान्यवर गृहस्थ होते. त्यांच्या सचोटीविषयी शंका नव्हती. वृद्ध व आजारी असल्याने ते न्यूयॉर्कमध्ये बसून काम पाहत. आपल्या निर्णयांची शासकीय अभियंत्याने फेरतपासणी करावी, ही सूचना त्यांना मान्य झाली नव्हती. पुलाचे दाब पेलणारे घटक वाकू लागल्याचे जागेवरील माणसांना दिसत होते. कूपर यांचा निरीक्षक नॉर्मन मॅक्‌लुअर स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपर यांनी भार वाढवू नये अशी तार केली. पण ती पेनसिल्व्हेनियातील कंपनीच्या कचेरीकडे गेली, पुलाकडे नव्हे. काम थांबले नाही. त्याच सायंकाळी पूल पडला.

या सर्व प्रसंगात दुष्ट हेतू कोठेच आढळत नाही. धोका दिसलेल्या माणसाजवळ काम थांबविण्याचा अधिकार नव्हता, आणि अधिकार असलेला माणूस शेकडो मैल दूर होता. व्यक्तीच्या सद्सद्विवेकाला आवाहन करणारी शपथ ही रचना पाहूच शकत नाही. किपलिंग यांच्या वाङ्मयीन प्रतिमेने अभियंत्याला एकाकी, मूक आणि कर्तव्यदक्ष कल्पिले. क्वेबेकला उणीव होती ती बोलण्याच्या अधिकाराची.

ब्रेख्त यांचे ‘गॅलिलिओचे जीवन’ येथे उपयोगी पडते. हे नाटक प्रथम १९३८-३९ मध्ये डेन्मार्कमधील निर्वासनात लिहिले गेले आणि १९४३ साली झुरिच येथे रंगभूमीवर आले. त्या पाठातील गॅलिलिओ माघार घेतो, पण गुप्तपणे आपला ग्रंथ पुरा करतो. त्याची धूर्तता हुकूमशाहीच्या काळातील एक डावपेच वाटते. ब्रेख्त अमेरिकेत चार्ल्स लॉटन या नटाबरोबर इंग्रजी पाठ सिद्ध करीत असताना, ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबाँब पडला. १९४७ च्या प्रयोगात गॅलिलिओची माघार हा अपराध ठरला. अखेरच्या बर्लिन पाठात तो स्वतःच म्हणतो, की आपण ठाम राहिलो असतो तर वैद्यांच्या हिपोक्रेटिक शपथेसारखे काही निसर्गवैज्ञानिकांनाही घडविता आले असते.

हे नाटक मुळात गुरुशिष्यांचे आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पहिल्या प्रवेशात गॅलिलिओ घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला, आंद्रेआला, सूर्य स्थिर असल्याचे खुर्ची फिरवून समजावतो. उत्तरार्धात मोठा झालेला आंद्रेआ गुरूच्या माघारीचे समर्थन शोधतो, आणि गुरू ते समर्थन झिडकारतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला जबाबदारी शिकविण्याचा हा प्रवेश आहे. त्यात शिष्याला शपथ मिळत नाही, गुरूच्या वर्तनाची चिकित्सा मिळते. शपथ येते ती न घडलेल्या शक्यतेच्या रूपाने. जोसेफ रॉटब्लाट यांनी १९४४ च्या अखेरीस अणुबाँबचा प्रकल्प सोडला होता. पुढे १९९९ मध्ये त्यांनीही वैज्ञानिकांसाठी अशा शपथेचा पुरस्कार केला; मात्र त्यामागे पग्वॉश परिषदांतील चार दशकांच्या उघड चर्चेचा आधार होता.

भारतात ब्रेख्त यांचा स्वीकार मुख्यतः वर्गविषमतेचा नाटककार म्हणून झाला. मराठीत ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ ही रूपांतरे गाजली. बंगालीत १९८० साली फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या दिग्दर्शनाखाली शंभू मित्र यांनी गॅलिलिओ उभा केला. तथापि तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाशी या परंपरेचा सांधा जुळला नाही. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये सर्वच विद्यार्थ्यांसाठी सामान्य शिक्षणाचा आग्रह धरला होता. तंत्रज्ञान संस्थांत मानव्यविद्यांचे विभागही निघाले. परंतु अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात राज्यघटना व पर्यावरण हे विषय अनिवार्य असले, तरी त्यांना श्रेयांक नाहीत. विद्यार्थ्याच्या लेखी त्याचा अर्थ स्पष्ट असतो.

या उपेक्षेचे मोल भोपाळने दाखविले आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीपूर्वी, १९८२ मध्ये, कंपनीच्याच अमेरिकेतील तज्ज्ञांनी कारखान्यातील सुरक्षिततेच्या उणिवा नोंदविल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी हे पत्रकार ‘रपट’ या लहानशा हिंदी साप्ताहिकातून शहराला धोक्याची सूचना देत होते. क्वेबेकप्रमाणे येथेही इशारा लिहिलेला होता. तो वाचून काम थांबविणारी व्यवस्था नव्हती.

२०२० नंतरच्या काळात कॅनडातील काही अभियंत्यांनी किपलिंग यांच्या संहितेतील साम्राज्यवादी व पुरुषकेंद्री दृष्टीवर आक्षेप घेतला आणि विधी चालविणाऱ्या मंडळाला फेरविचार हाती घ्यावा लागला. ब्रेख्त यांनी आपला पाठ दहा वर्षांच्या आत बदलला. व्रताच्या संहितेच्या वाट्याला ही चिकित्सा येण्यास शतक जावे लागले. पाठाची चिकित्सा करण्याचा, त्यात कोणाला वाणी आहे व कोणाला नाही हे विचारण्याचा अभ्यास साहित्याच्या वर्गात होतो. तंत्रसंस्थेतील साहित्याच्या अध्यापकाने शपथेला अलंकार पुरविण्यापेक्षा १९०८ चा चौकशी अहवाल आणि ‘गॅलिलिओचे जीवन’ हे दोन पाठ शेजारी ठेवून शिकवावेत. कोणी कोणाला काय कळविले आणि ती तार चुकीच्या पत्त्यावर का गेली, हे वाचता येणे हा अभियंत्याच्या सामाजिक जबाबदारीचा पहिला धडा होय.